आपले आरोग्य : नाडीचा ताल आणि औषधांचे चार वर्ग



बडोद्याच्या एका भगिनींचे पत्र समोर आहे. त्यांच्या सासऱ्यांची नाडी अनियमित चालते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना एक गोळी लिहून दिली. शेजारच्या गृहस्थांची तक्रारही तीच. परंतु त्यांची गोळी निराळी आणि, त्यांच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा तर, अधिक गुणकारी. तेव्हा सासऱ्यांनी ती काही दिवस घेऊन पाहावी काय, असा भगिनींचा प्रश्न आहे. घेऊ नये, हे उत्तर एका ओळीचे झाले. का घेऊ नये, हे समजावून सांगण्यास मात्र या महिन्याचे सगळे पान लागणार आहे.

प्रथम शब्दाविषयी दोन शब्द. हृदयाची गती बिघडण्याच्या विकारास ‘अतालता’ असा प्रतिशब्द मी येथे वापरणार आहे. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला तो पुरता पसंत पडत नाही. अतालता म्हणजे ताल नसणे. परंतु या विकारांपैकी कित्येकांत ताल अगदी पक्का असतो. मिनिटाला १८० ठोके घड्याळासारखे पडत राहतात. दोष एवढाच, की तो ताल हृदयाच्या नेहमीच्या सूत्रधाराने दिलेला नसतो. तो कोठून येतो, यावर औषध कोणते हे ठरते.

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० वेळा आकुंचन पावते. दिवसाकाठी हा आकडा एक लाखाच्या घरात जातो. त्याला हुकूम देणारी गाठ उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे अलिंदात, असते. तिचा शोध आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये लावला. त्याच्या आदल्याच वर्षी सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने वरच्या व खालच्या कप्प्यांच्या मधली दुसरी गाठ वर्णिली होती. पहिल्या गाठीतून निघालेली विद्युल्लहर अलिंदांत पसरते, मधल्या गाठीपाशी क्षणभर थबकते आणि मग खालच्या दोन कप्प्यांत, म्हणजे निलयांत, वेगाने उतरते. हे थबकणे मोठ्या उपयोगाचे आहे. वरचे कप्पे रिकामे होण्यास त्यामुळे सवड मिळते आणि वर कितीही गोंधळ माजला तरी तो सगळाच्या सगळा खाली पोहोचत नाही. मधली गाठ म्हणजे जणू जकात नाक्यावरचा शिपाई.

आता जरा पेशीच्या आत डोकावू. कारण औषधांची सारी करामत तेथेच चालते. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात क्षारांची ये-जा होण्यासाठी सूक्ष्म द्वारे असतात. सोडियमचे द्वार उघडले की त्याचा लोंढा आत शिरतो आणि पेशी उद्दीपित होते. पाठोपाठ कॅल्शियम आत येते व स्नायू आकुंचन पावतो. शेवटी पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशी पूर्वस्थितीला येते. ती पूर्वस्थितीला येईतो कोणत्याही नव्या हुकमाला दाद देत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे. वर सांगितलेल्या दोन गाठींची रीत मात्र निराळी. त्यांच्या पेशी सोडियमवर नव्हे, तर कॅल्शियमवर चालतात. म्हणून कॅल्शियमचे द्वार रोखणारे औषध गाठींवर लागू पडते आणि सोडियमचे द्वार रोखणारे स्नायूवर. एकाच हृदयात दोन प्रकारची कुलपे आहेत.

ताल बिघडण्याची मुख्य कारणे दोन. एक, भलत्याच ठिकाणची एखादी पेशी स्वतःहून हुकूम सोडू लागते. दुसरे, विद्युल्लहर एखाद्या वाटेने पुढे जाऊन दुसऱ्या वाटेने परत फिरते आणि वर्तुळात फिरत राहते. पहिल्या प्रकारात पेशीची चिडखोर वृत्ती शमवावी लागते. दुसऱ्यात वर्तुळ कोठेतरी तोडावे लागते. ते तोडण्याचे मार्ग दोन : लहरीचा वेग इतका मंदावावा की ती वाटेतच विझावी, किंवा पेशींचा दाद न देण्याचा काळ इतका लांबवावा की फिरून आलेल्या लहरीला पुढची पेशी अजून विश्रांती घेत असलेली आढळावी.

पहिल्या वर्गाची गोष्ट हिवतापाच्या औषधापासून सुरू होते, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्याचा मोह मला आवरत नाही. सन १९१२ मध्ये कारेल वेंकेबाख या डच हृदयवैद्याकडे एक डच व्यापारी आला. त्याच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत आणि त्यामुळे नाडीचा काही धरबंध नसे. या विकारास आपण अलिंदांचे कंपन म्हणू. यावर उपाय नाही, असे वेंकेबाखने त्याला सांगितले. व्यापारी उलट म्हणाला की, मला तो ठाऊक आहे. उद्या सकाळी नाडी नियमित करून दाखवतो. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा नाडी खरोखरच नियमित होती. त्याने एक ग्रॅम क्विनीन घेतले होते. हिवतापाच्या प्रदेशात राहिलेल्या त्या गृहस्थाला हा गुण योगायोगाने कळला होता. वेंकेबाखने रोग्याची थट्टा न करता इतर रोग्यांवर प्रयोग करून पाहिला. गुण थोड्यांनाच आला. तरी १९१४ मध्ये त्याने ही हकीकत छापली. पुढे १९१८ मध्ये बर्लिनच्या वाल्टर फ्राय याने सिंकोनाच्या सालीतील निरनिराळी सत्त्वे ताडून पाहिली आणि क्विनीनचेच भावंड असलेले क्विनिडीन सर्वांत प्रभावी ठरवले. दोघांची घटकद्रव्ये एकच. अणूंची मांडणी तेवढी निराळी.

सिंकोना आपल्यालाही परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात निलगिरीवर आणि दार्जिलिंगच्या परिसरात त्याची लागवड झाली. ब्रिटिश अमदानीत क्विनीनच्या एका पैशाच्या पुड्या पोस्टाच्या कचेरीतून विकल्या जात. रवींद्रनाथ ठाकूर अखेरच्या वर्षांत ज्या मंगपूला मुक्कामास जात, तेथे क्विनीनचा सरकारी कारखाना होता.

क्विनिडीन सोडियमचे द्वार रोखते आणि लहरीचा वेग मंदावते. प्रोकेनामाइड, डिसोपिरामाइड, फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन ही त्याच वर्गातील औषधे. कोणी द्वार हलकेच लोटते, कोणी गच्च बंद करते. याच वर्गात आणखी एक औषध आहे, ज्याची ओळख अनेक वाचकांना दंतवैद्याच्या खुर्चीत झाली असेल. लिडोकेन हे स्वीडनच्या निल्स लोफग्रेनने १९४३ मध्ये तयार केले. हिरडीत टोचले की तेथील मज्जातंतूंची सोडियमद्वारे बंद होऊन वेदना पोहोचत नाही. शिरेतून दिले की निलयांच्या चिडलेल्या पेशी शांत होतात. द्वार तेच, घर निराळे.

या वर्गाने वैद्यकाला जो धडा दिला, तो मात्र प्रत्येक कुटुंबाने ऐकण्याजोगा आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ज्या रोग्यांत निलयांचे जादा ठोके पडतात, त्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे ठाऊक होते. मग ते ठोके औषधाने बंद पाडले की मृत्यू टळतील, असा तर्क कोणीही करील. आणि डॉक्टरांनी तो केला. अमेरिकेत या तर्काची पारख करण्याचे ठरले. ज्यांचे जादा ठोके औषधाने बंद होतात असे आधी पाहून घेतले होते, असेच रोगी निवडले. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या दोन औषधांच्या पारखीत ७५५ जणांना खरी गोळी व ७४३ जणांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यात आली. १९८९ मध्ये हा भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांत निरुपद्रवी गोळी घेणाऱ्यांपैकी २६ जण मृत्यू पावले होते आणि खरे औषध घेणाऱ्यांपैकी ६३. नाडी सुधारली होती, आलेख सुधारला होता आणि माणसे मात्र अधिक मेली होती. झटक्याने व्रण पडलेल्या हृदयात लहरीचा वेग मंदावला, की नवी आणि अधिक घातक वर्तुळे तयार होण्यास जागा मिळते, असा त्याचा उलगडा करतात.

याचा अर्थ फ्लेकेनाइड हे विष आहे असा नव्हे. ज्याच्या हृदयाची घडण निर्दोष आहे, रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, अशा रोग्याच्या अलिंद-कंपनावर ते आजही उत्तम मानले जाते. त्या भगिनींच्या शेजाऱ्यांची गोळी हीच असेल आणि सासऱ्यांना पूर्वी झटका येऊन गेलेला असेल, तर तीच गोळी एकाला तारक व दुसऱ्याला मारक ठरेल. दोघांची नाडी हाताला सारखीच लागते. फरक हृदयाच्या स्नायूत आहे, आणि तो मनगटावरून कळत नाही.

औषधांची चार वर्गांत मांडणी ऑक्सफर्डचे औषधशास्त्रज्ञ माइल्स वॉन विल्यम्स यांच्या नावाने ओळखली जाते. सन १९७० च्या सुमारास त्यांनी तिचा पाया घातला. त्या वेळी त्यांच्या प्रयोगशाळेत ब्रह्मा सिंग हे भारतीय वंशाचे, फिजी बेटांत जन्मलेले तरुण संशोधक काम करीत होते. तिसऱ्या आणि चौथ्या वर्गाशी त्यांचे नाव निगडित आहे. वर्ग पाडले गेले ते औषधांच्या क्रियांचे. औषधे स्वतः त्या चौकटीत निमूटपणे बसत नाहीत, हेही येथेच सांगून टाकतो.

दुसऱ्या वर्गाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तो सर्वांत सालस आहे. भीती, क्रोध, श्रम यांच्या वेळी शरीरात ॲड्रिनॅलीन उसळते आणि हृदयाला टाच मारते. ही टाच हृदयाला लागू न देणे हे या औषधांचे काम. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या काही वर्षांत प्रोप्रॅनोलॉल तयार केले आणि १९८८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल ही त्याच कुळातील नावे अनेकांच्या घरच्या डब्यात सापडतील. पथ्ये दोन. दम्याच्या रोग्याने आपला दमा डॉक्टरांच्या कानावर घातल्याखेरीज ही घेऊ नयेत. आणि चालू असलेली गोळी एकाएकी बंद करू नये, कारण इतके दिवस दाबून ठेवलेली टाच मग दुप्पट जोराने बसते. मधुमेही माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रक्तातील साखर एकदम उतरली की छातीत धडधडते आणि आपण सावध होतो. या गोळीमुळे ती धडधडच जाणवेनाशी होते. घाम सुटणे ही खूण मात्र बहुधा शिल्लक राहते.

चौथा वर्ग मी तिसऱ्याच्या आधी घेतो. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही कॅल्शियमचे द्वार रोखणारी औषधे. त्यांपैकी व्हेरापामिल हे अफूतील पॅपॅव्हरीन या द्रव्याच्या धर्तीवर तयार केलेले आहे. त्यात नशा यत्किंचितही नाही. ही औषधे जकात नाक्यावरच्या शिपायाला अधिक कडक करतात. वर अलिंदांत कितीही कंपन चालो, निलयांपर्यंत मोजकेच ठोके पोहोचतात. मलावरोध हा व्हेरापामिलचा नित्याचा त्रास. क्वचित पायांवर सूज येते. धोका निराळ्याच ठिकाणी आहे. काही माणसांच्या हृदयात जन्मतःच एक जादा आडवाट असते, जी नाक्याला वळसा घालून थेट निलयांत उतरते. अशा माणसाला अलिंद-कंपन जडले असताना नाका बंद करणारे औषध दिले, तर सगळी गर्दी आडवाटेने खाली धावते आणि प्राणावर बेतते. म्हणून वेगाने चालणाऱ्या नाडीचा विद्युत्-आलेख काढल्यावाचून जाणता डॉक्टर सुईला हात घालीत नाही. घरची मंडळी अशा वेळी ‘आधी काहीतरी द्या’ म्हणून घायकुतीला येतात. आलेखास लागतात ती चार-पाच मिनिटे त्यांनी द्यावीत.

तिसरा वर्ग पोटॅशियमच्या द्वारांचा. ती रोखली की पेशीला पूर्वस्थितीला यायला वेळ लागतो. फिरून आलेल्या लहरीस पुढची पेशी झोपलेली आढळते आणि वर्तुळ तुटते. सोटॅलॉल या वर्गातले (आणि थोडेसे दुसऱ्यातलेही). परंतु या वर्गाचा खरा नायक ॲमिओडॅरोन. ईजिप्तमध्ये खेल्ला नावाची एक वनस्पती परंपरेने औषधात वापरतात. तिच्यातील खेलिन या द्रव्याच्या आधाराने बेल्जियममधील शास्त्रज्ञांनी १९६१ च्या सुमारास ॲमिओडॅरोन तयार केले, तेही छातीतील कळेसाठी. ते ताल सुधारते, हे सिंग आणि वॉन विल्यम्स यांनी १९७० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. वस्तुतः ते चारही वर्गांची कामे थोडीथोडी करते. व्रण पडलेल्या, अशक्त झालेल्या हृदयातही ते वापरता येते. म्हणून जेथे इतर औषधे निषिद्ध तेथे हे उपयोगी पडते.

या गुणाची किंमत मात्र मोजावी लागते. ॲमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. प्रौढ माणसाची आयोडीनची रोजची गरज अवघी ०.१५ मिलिग्रॅम, तेवढ्यासाठीच तर आपण आयोडीनयुक्त मीठ खातो. गोळीतील सगळे आयोडीन मोकळे होत नाही; तरी दररोज सुमारे सहा मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या चाळीसपट, रक्तात सुटते. गळ्यातील अवटु ग्रंथी यामुळे गोंधळते. कोणाची मंदावते, कोणाची बेफाम होते. मंदावली तर माणूस सुस्तावतो, त्याला थंडी सोसत नाही, आणि घरचे म्हणतात वय झाले. याखेरीज फुप्फुसांवर, यकृतावर, डोळ्यांवर आणि उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर परिणाम होऊ शकतो. औषध शरीरातील चरबीत मुरून बसते आणि बंद केल्यावरही कित्येक आठवडे, प्रसंगी महिने, अंमल गाजवते. आरंभी डॉक्टर मोठी मात्रा देतात व मग ती उतरवीत आणतात, तेही याच कारणाने : कोठार आधी भरावे लागते. तेव्हा मात्रा कमी केली म्हणजे औषध लागू पडले नाही, असा तर्क करू नये. ही गोळी घेणाऱ्याने साधारणपणे दर सहा महिन्यांनी अवटु व यकृताच्या रक्तचाचण्या कराव्यात, आणि नवा कोरडा खोकला किंवा दम लागणे सुरू झाले तर ते ऋतुमानावर ढकलू नये.

चार वर्गांच्या मूळ चौकटीबाहेर दोन जुनी औषधे उरली होती. २०१८ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील शास्त्रज्ञांसह काही अभ्यासकांनी वर्गवारी विस्तारली, तेव्हा त्यांनाही घर मिळाले. पहिले डिजिटॅलिस. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये त्याच्या पानांवर ग्रंथ लिहिला; आज त्याच कुळातील डिगॉक्सिन वापरात आहे. ते मधल्या गाठीला आवर घालते आणि स्नायूला थोडे बळ देते. योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. मळमळ, अन्नावरची वासना उडणे, दृष्टीला पिवळसर छटा दिसणे ही मात्रा जास्त झाल्याची चिन्हे. आपल्या अंगणातील कण्हेर आणि बिट्टी यांतही याच जातीची द्रव्ये असतात. त्यामुळे ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार’ म्हणून हृदयासाठी त्यांचा काढा सुचवणारा कोणी भेटला, तर त्याला नम्रपणे निरोप द्यावा.

दुसरे ॲडिनोसिन. अलिंदांच्या बाजूच्या वर्तुळामुळे एकाएकी सुरू होणाऱ्या वेगवान नाडीवर ते रुग्णालयात शिरेतून देतात. रक्तात ते दहा सेकंदही टिकत नाही. तेवढ्यात मधली गाठ बंद पडते, आलेखावर काही क्षण सरळ रेघ उमटते, रोग्याच्या छातीवर दडपण येऊन आता सारे संपले असे त्याला वाटते आणि मग आपला जुना ताल परत येतो. ही भीती अगोदर सांगून ठेवली तर रोगी पुष्कळ धीराने घेतो. आपल्याकडे हे सांगण्याची पद्धत अजून म्हणावी तशी रुळलेली नाही. याच विकारावर बिनऔषधी उपायही आहे. अर्धवट बसून पंधरा सेकंद जोराने फुंकर रोखून धरायची आणि लगेच उताणे पडून पाय दुसऱ्याकडून वर उचलून घ्यायचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत या रीतीने शंभरांपैकी ४३ जणांची नाडी ताळ्यावर आली. पाय न उचलता केलेल्या जुन्या रीतीने १७ जणांची. अर्थात ज्यांचे निदान झाले आहे आणि डॉक्टरांनी ज्यांना ही रीत शिकवली आहे, त्यांनीच ती करावी.

वयस्कांत सर्वाधिक आढळणाऱ्या अलिंद-कंपनाविषयी आणखी थोडे. येथे डॉक्टरांसमोर दोन मार्ग असतात : कंपन चालू ठेवून केवळ नाडीचा वेग आवरावा, किंवा मूळचा ताल परत आणावा. सन २००२ मध्ये ४,०६० रोग्यांच्या अमेरिकी अभ्यासात दोन्ही मार्गांनी आयुर्मान सारखेच राहिले. तेव्हापासून वेग आवरण्याचा सोपा मार्ग रूढ झाला. २०२० मध्ये २,७८९ रोग्यांच्या युरोपीय अभ्यासाने त्यात भर घातली. निदान होऊन वर्ष उलटण्याच्या आत ताल परत आणण्याचा प्रयत्न केला, तर पक्षाघातासारखी संकटे व हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होतात, असे त्यात आढळले. भगिनींच्या सासऱ्यांना एक गोळी व शेजाऱ्यांना दुसरी, याचे हेही एक कारण असू शकेल. एकाचा डॉक्टर वेग आवरतो आहे, दुसऱ्याचा ताल परत आणतो आहे.

परंतु या विकारात माणसाला अपंग करणारी गोष्ट धडधड नव्हे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात होतो. अलिंद-कंपनाने हा धोका सुमारे पाचपट वाढतो. ताल सुधारणारी गोळी घेतली म्हणून रक्त न साकळू देणारी गोळी सोडता येत नाही; आणि तिच्याऐवजी ॲस्पिरिन घेणे पुरेसे नाही. आपल्या देशात संधिवाती तापाने झडपा आखडलेले तरुण रोगी पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी या क्षेत्रातली नवी, रक्तचाचणीची कटकट नसलेली गोळी जुन्या वॉर्फरिन-वर्गाहून बरी ठरत नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. तिच्यात भारतीय रोगीही होते. ॲमिओडॅरोन सुरू केल्यावर वॉर्फरिनचा अंमल वाढतो व त्याची मात्रा उतरवावी लागते, डिगॉक्सिनचेही तसेच. दोन डॉक्टरांची औषधे चालू असतील तर दोघांनाही दोन्ही चिठ्ठ्या दाखवाव्यात.

शेवटी बाजारातील साध्या औषधांविषयी. १९६४ मध्ये क्विनिडीन घेणाऱ्या काही रोग्यांना अचानक मूर्च्छा का येते, याचा उलगडा झाला. पेशीचा विश्रांतिकाळ प्रमाणाबाहेर लांबला की निलयांतच एक भयंकर लय सुरू होते. १९६६ मध्ये फ्रेंच वैद्य देसर्तेन याने तिला ‘शिखरांची पिळवट’ अशा अर्थाचे नाव दिले. आलेखावरची टोके पीळ दिल्यासारखी दिसतात. सोटॅलॉलने हे घडू शकते, तसेच ॲझिथ्रोमायसिन, क्लोरोक्विन आणि उलटीवरच्या काही गोळ्यांनीही. २०२० च्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लोक मनाने घेऊ लागले, तेव्हा त्या मार्चमध्ये सरकारला त्याच्या विक्रीवर कडक बंधने घालावी लागली. हगवण, उलट्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे पोटॅशियम उतरलेले असेल, तर हा धोका वाढतो. तालासाठी औषध घेणाऱ्या माणसाला जुलाब झाले तर औषधविक्रेत्याकडून आपल्या मनाने गोळ्या आणण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि क्षारमिश्रित पाणी तोवर सुरू ठेवावे.

फार सावकाश चालणाऱ्या हृदयाला या चारांपैकी एकाही वर्गाचा उपयोग नाही; त्यांनी ते अधिकच मंदावते. त्याला कृत्रिम गतिकारक बसवतात. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये तो प्रथम ज्यांच्या शरीरात बसवला, ते गृहस्थ २००१ पर्यंत जगले.

या मासिकाचे पुष्कळ वाचक नोकरीनिमित्त प्रांतोप्रांती फिरणारे आहेत, म्हणून एक व्यवहाराची सूचना. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या व्यापारी नावांनी विकतात. इंदूरला मिळणारे नाव हैदराबादच्या दुकानदाराला ठाऊक असेलच असे नाही, आणि तो ‘त्याच्यासारखेच’ म्हणून दुसऱ्याच वर्गाची गोळी पुढे करण्याचा संभव असतो. तेव्हा औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅममधील मात्रा आणि घेण्याची वेळ एका कागदावर लिहून तो पाकिटात ठेवावा. सोबत ताल नियमित असताना काढलेल्या विद्युत्-आलेखाची एक प्रत असावी. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. बदलीच्या गावी जाताना निदान पंधरा दिवसांचा साठा हातातल्या पिशवीत असावा. मालगाडीने जाणाऱ्या सामानात नव्हे.

पुढील अंकी : लहान मुलांचा घसादुखीचा ताप आणि हृदयाच्या झडपा.